कडुबाभाऊंची टोपली

मोबाइलवर दुकान उघडलं की कडुबाभाऊ आधी पडद्याला म्हणायचे, "राम राम." मग डावा हात पाठीमागे नेऊन कमरेवर ठेवायचे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने पुस्तकं वर सरकवत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पाठीत उसण भरली असावी. तसं विचारलंही. ते म्हणाले, "न्हाई गुरुजी. पहिला फेरा हात मागं बांधूनच मारावा. हात मोकळा सोडला की घेऊ वाटतं."

आमची घरं परतूरला भिंतीला भिंत लागून. मी शाळेत मास्तर. कडुबाभाऊंनी उभं आयुष्य आठवडी बाजारात कापड विकलेलं. आज आष्टी, उद्या वाटूर. गुडघे कुरकुरायला लागले तसा मुलाने बाजार बंद करायला लावला आणि बदल्यात हातात मोबाइल दिला. बाजार सुटलेला माणूस ओट्यावर बसून रोज थोडा थोडा गप्प होत चालला होता. वाचायची मात्र त्यांना भारी हौस. भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत. म्हणून एका रविवारी मी त्यांना जुनी पुस्तकं आणि सिनेमे विकणारं एक ऑनलाइन दुकान उघडून दिलं. त्या दिवसापासून मला शांतता अशी मिळाली नाही.

"गुरुजी, हे बघा, हत्तीच्या आजारांचं पुस्तक!"

"भाऊ, परतुरात हत्ती कुठाय?"

"हत्ती न्हाई, ते बराबर. पर त्याचं पोट दुखलं तर त्यो सांगतो कसा, ह्ये तुम्हाला ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. असं रोजच व्हायचं. कोकणातल्या माशांच्या पाककृती, मधमाश्या पाळायचं पुस्तक, कुण्या परदेशातला बिनबोलीचा सिनेमा, मुखपृष्ठ फाटलेला शब्दकोश, कुस्तीवरचा एक चित्रपट, आकाशातल्या ताऱ्यांचा नकाशा. कापड पारखायची सवय अशी की पुस्तकाच्या चित्रावरही ते अंगठा घासून बघायचे. चित्र मोठं व्हायचं आणि त्यांना वाटायचं, दुकानदाराने माल जवळ आणून दाखवला. "भली माणसं हायेत," असं म्हणून ते कौतुकाने मान हलवायचे. घ्यायचे क्वचितच. हत्तीचं पुस्तक तेवढं घेतलं आणि पुढचा महिनाभर मला हत्तीची पचनसंस्था ऐकावी लागली.

आवडलेली प्रत्येक वस्तू ते टोपलीत टाकायचे. पडद्याच्या कोपऱ्यात टोपलीचं चिन्ह असतं, ते दाबलं की वस्तू त्यात जाते, हे मीच शिकवलं होतं. पण ती टोपली त्यांनी आपल्या बाजाराच्या हिशेबाने समजून घेतली. बाजारात एखादी बाई लुगडं बघायची, आवडायचं, पण घरी विचारल्याशिवाय घेता यायचं नाही. मग ती म्हणायची, "भाऊ, ठिवा बाजूला." कडुबाभाऊ ते लुगडं वेगळ्या गठुड्यात बांधायचे. त्याला ते अमानत म्हणायचे. मग दुसरं कुणी कितीही हट्ट करो, ते लुगडं पुढच्या बाजारापर्यंत गठुड्याबाहेर निघत नसे. ऑनलाइन टोपली म्हणजे तेच गठुडं, अशी त्यांची खात्री झाली होती. मी दोनदा समजावलं की टोपलीत टाकलं म्हणजे राखून ठेवलं असं नाही, कुणीही ते विकत घेऊ शकतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गुरुजी, तुम्ही नोकरीतले. दुकानदार असं करंल का कधी?"

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी मला भिंतीपलीकडून अशी हाक मारली की मी चप्पल न घालता धावलो. पडद्यावर एका जुन्या मराठी सिनेमाची सीडी होती. वेष्टनावर नदी, नदीत नाव, नावेत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आणि समोर वल्ही धरलेला नावाडी. कडुबाभाऊंचा डावा हात पाठीमागून कधीच सुटला होता.

"ह्योच! आमचा नावेचा शिनेमा!"

मग सगळी गोष्ट कळली. ते लहान असताना आष्टीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. ते आणि त्यांची थोरली बहीण गयाआक्का घरी न सांगता जाऊन बसले. भर नदीत नावाडी वल्ही आत ओढून घेतो आणि त्या बाईला म्हणतो, "आता खरं काय ते सांग." नेमक्या त्याच वेळी वडील तंबूत शिरले आणि दोघांना कानाला धरून घरी घेऊन गेले. आक्का दोन दिवस जेवली नाही. मार बसला म्हणून नव्हे, तर ती बाई काय म्हणाली ते राहिलं म्हणून. तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून कडुबाभाऊंनी थाप मारली, "मी मागनं पळत जाऊन पाह्यला की पुरा!" आणि काहीतरी शेवट सांगून टाकला.

आक्का लग्न होऊन हसनाबादला गेली. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती विचारायची, "कडू, ती काय म्हणली रं नावंत?" आणि कडुबाभाऊ दर वर्षी नवंच सांगायचे. एकदा ती बाई म्हणाली, मला पोहता येत न्हाई, आधी काठाला लाव, मंग इचार. एकदा ती नावाड्याची हरवलेली बहीणच निघाली. आक्काचे यजमान गेले त्या वर्षी नावेतली बाई काहीच बोलली नाही आणि नावाड्याने मुकाट्याने वल्ही पुन्हा पाण्यात घातली. "सालोसाल निराळं सांगितलं, पर आक्कानं कधी अडवलं न्हाई बघा," ते म्हणाले.

आता आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत यायची नव्हती आणि उरलेलीही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिला थोडं दिसतंय तोवर खरा शेवट दाखवायचा, एवढंच कडुबाभाऊंच्या मनाने घेतलं. सीडी एकच होती. मी म्हटलं, आत्ताच मागवू. ते ऐकेनात. ओवाळणी आधीपासून घरात आणून ठेवायची नसते, सणाच्या तोंडावर घ्यायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. "आन टोपलीत हाय की. अमानत हाय ती." माळ्यावरचा सीडी लावायचा जुना डबा मात्र त्यांनी जालन्याहून दुरुस्त करून आणला आणि रोज पुसून ठेवू लागले.

दिवाळीच्या आठवड्यात टोपली उघडली. नावेचं चित्र करडं पडलं होतं. वर लिहिलं होतं, विकले गेले.

कडुबाभाऊ बराच वेळ त्या चित्रावर अंगठा घासत राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हट्टाचा रागही आला. दुकानाचा नंबर होता, तो मी लावला. सांगलीकडची एक बाई घरातूनच हे दुकान चालवत होती. भाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"ताई, ती सीडी मी बाजूला ठिवल्ती."

"काका, पैसे भरेपर्यंत टोपलीतली वस्तू कुणाचीच नसते हो."

"मंग टोपली ठिवलीच कशाला?"

मग ती म्हणाली, "चुकलंच आमचं, काका." तिचं काही चुकलं नव्हतं. पण तेवढ्याने भाऊ निवळले आणि त्यांनी नावेची सगळी हकीकत तिला सांगितली. मग एकदम विचारलं, "तुम्ही पाह्यला का त्यो शिनेमा?"

"पाहिला ना. पाठवायच्या आधी प्रत्येक सीडी मी पूर्ण लावून बघते, अडकत तर नाही ना म्हणून."

"मंग ती काय म्हणली... थांबा! मला बिलकुल सांगू नका. भाऊबीजेला फोन लावतो. आक्कालाच सांगा."

भाऊबीजेला मीच त्यांना गाडीतून हसनाबादला नेलं. शेवट काय, हे मलाही ऐकायचं होतं. आक्का हाताने चाचपत पाटाशी आली. तिने ओवाळलं, तेव्हा भाऊंनी डोकं हळूच तबकाच्या समोर नेलं. मग मी फोन लावून आवाज मोठा केला.

"आजी," सांगलीची बाई म्हणाली, "नावाडी म्हणतो, आता खरं काय ते सांग. आणि त्यानंतर एकदम पलीकडचा काठच दिसतो. दोघं उतरून चालत जातात. मधलं काहीच नाही. कापलं गेलंय की मुळातच नव्हतं, मला सांगता येणार नाही."

कडुबाभाऊंचा चेहरा उतरला. आणि आक्का हसायला लागली, पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत.

"म्हंजी कुणालाच ठाव न्हाई!"

"आक्का, मी तवा पाह्यला न्हवता," भाऊ खाली बघत म्हणाले.

"मला म्हाईत न्हाई का? मार खाऊन तुला ताप आल्ता. माझ्याच मांडीवर निजल्ता तू." तिने हात पुढे करून त्यांचा गुडघा शोधला. "ते जाऊ दे. यंदा काय म्हणली ते सांग."

मी कडुबाभाऊंना कधी शब्दांसाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी अडले. डावा हात पाठीमागे गेला, पुन्हा पुढे आला.

"ती म्हणली, मला पल्याडचा काठ दिसत न्हाई."

"आन नावाडी?"

"त्यो म्हणला, तू बस. काय काय येतंय ते मी सांगत जातो."

आक्काने मान हलवली, पसंत पडल्यावर बायका हलवतात तशी. फोन चालूच होता, हे मला मागाहून लक्षात आलं. पलीकडची बाईही ऐकत थांबली होती.

या उन्हाळ्यात कडुबाभाऊ गेले. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्याच. त्यांचा मोबाइल मुलाने माझ्याकडे आणून दिला, हे दुकान बंद कसं करायचं ते त्याला कळेना. मी काही बंद केलं नाही. अधूनमधून उघडतो. टोपलीतले तारे विकले गेले, मासेही गेले. मधमाश्या अजून आहेत. पडद्याला राम राम म्हणायची मलाही सवय लागली आहे, बायको हसते.

परवा भाऊबीजेच्या सकाळी तो मोबाइल वाजला. नंबर हसनाबादचा. गयाआक्काने कुणाकडून तरी लावून घेतला होता. खुशाली विचारली, भाऊंच्या घरचं विचारलं.

"गुरुजी, नाव मधीच उभी हाय," ती म्हणाली. "ती काय म्हणली?"