चारनंतरचा चहा

इंग्लंडमधल्या फ्लीटवूडच्या बंदरातून सिरिल रॅम्सडेन तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेला. म्हातारपणी पक्षाघातानं त्याची डावी बाजू गेली, आणि लघवीवरचा ताबाही. सरकारकडून दिवसाला चार डायपर फुकट यायचे. त्याला सहा लागत. वरचे दोन त्याची बायको मेविस औषधाच्या दुकानातून विकत आणायची. पेन्शन जेमतेम, थंडीत गॅसचं बिल आलं की हात आखडायचा.

म्हणून नोव्हेंबरात तिनं चारनंतर त्याचा चहा बंद केला. पाणीही घोटभरच.

"अगं, अर्धा कप तरी दे," सिरिल म्हणायचा. "भर समुद्रातसुद्धा असा कोरडा पडलो नव्हतो मी."

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

डॉक्टर काहीच बोलले नव्हते.

चार डायपर पुरायला लागले. दर शुक्रवारी मेविस ग्लेनिसच्या पार्लरमध्ये केस सेट करून घ्यायची, ते मात्र तिनं सोडलं नाही. आठवड्यातला तेवढाच तास तिचा होता.

फेब्रुवारीत एका सकाळी सिरिल तिला ओळखेना. अंग तापलेलं, बडबड भलतीच. हॉस्पिटलात लघवीचं इन्फेक्शन निघालं. "पाणी फार कमी गेलंय पोटात. किती पितात हे?" नर्सनं विचारलं.

"भरपूर," मेविस म्हणाली. म्हणताना तिचा हात आपसूक केसांकडे गेला.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, तेव्हा तिला राहवलं नाही. नर्सला गाठून तिनं सगळं सांगितलं.

"अहो बाई, डायपर वाढवून मिळतात की! मागायचे ना!"

"लाज वाटली."

मग तिनं सिरिललाही सांगितलं, पार्लरसकट.

"म्हणजे तुझ्या केसांपायी मी तहानलो होय?" तो हसला. "बरे दिसतात पण."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं.

डायपर वाढवून मिळाले. सिरिल हवा तेव्हा चहा प्यायला, पण अंथरुणातून पुन्हा उठला नाही. ऑगस्टमध्ये हृदयविकारानं गेला. फेब्रुवारीतल्या आजारपणाचा या मृत्यूशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मेविसनं दोन्ही वेळा मान हलवली. पटलं एकदाही नाही.

घरात डायपरची न फोडलेली तीन पाकिटं उरली होती. पलीकडच्या गल्लीतल्या ओल्डफील्डबाई आईचं असंच सगळं करत होत्या. मेविसनं ती त्यांच्या दारात नेऊन ठेवली आणि बेल न वाजवताच परतली.