विसाव्याचा ऐतवार

आमच्या चर्चच्या कमिटीत मी एकटीच बाई. दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते, आणि नेमकं तेव्हाच चर्चचंही सगळं अंगावर येतं. घरोघरच्या प्रार्थना, गाण्यांचा सराव, नाताळाची तयारी. माझी थोरली जाऊ आठवडाभर मोताळ्याकडच्या शेतांत वेचायला जायची. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली असायची. एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत ती बसल्या जागी झोपली, तर मागून कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मले एक ऐतवार पोटभर निजू द्या वं माय."

तो एक रविवार मी कमिटीत मागितला. भांडलेच म्हणा ना! वेचणीत संध्याकाळचे कार्यक्रम बंद करा, एक रविवार नुसत्या विसाव्याचा ठेवा. पाळकसाहेबांना कल्पना फारच आवडली. देवानंही सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणाले. सगळ्यांनी हात वर केले. मला वाटलं, जिंकले बाई!

मग कमिटीतले एक पंच उठले. "विसावा म्हटल्यावर प्रीतिभोजन पाह्यजेच! वरण-बट्टी ठेवू." पुन्हा सगळे हात वर. माझा खालीच होता, पण पाहतं कोण? आयजीच्या जिवावर बायजी उदार! प्रीतिभोजन रांधणार कोण, हे विचारायची आमच्यात पद्धतच नाही.

त्या रविवारी पहाटेपासून आम्ही बायका चर्चच्या मागच्या अंगणात, बट्ट्या भाजायला गवऱ्यांचा विस्तव करून. जाऊ बट्ट्यांची कणीक मळत होती. चिरांमध्ये पीठ भरून तिची बोटं चरचरत होती. "तुम्ही बसा, मी मळते," म्हटलं तर माझ्यावरच उखडली.

"आता काऊन लाड करून राह्यली? तुलेच तं पाह्यजे होता ना ईसावा!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आत पाळकसाहेब विसाव्यावर बोलत होते, आणि मेलं छान बोलत होते. शेवटी त्यांनी जाहीर केलं, आजचा विसावा सगळ्यांनाच लाभला, तेव्हा वेचणी संपेपर्यंत दर रविवारी असाच ठेवू.

आत टाळ्या वाजल्या. जावेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचा गोळा हातात घेत म्हणाली, "पुढच्या ऐतवारी गवऱ्या जास्त आणजो."