आठ खांबांचा चढ

2003च्या ऑक्टोबरात मी नागपूर सोडलं तेव्हा ईरा, तू पाच वर्षांची होतीस आणि सोहम, तू आईच्या कडेवर होतास. टॅक्सी फाटकाशी उभी होती. माझ्या दोन बॅगा, दोन्हींच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवलेली. तुमची आई रडत होती. मी रडले नाही. माझे वडील शाळेत वक्तृत्व शिकवायचे आणि घरातही त्यांचं एकच सांगणं असे, ‘श्वास भरून घे, मग बोल.’ मी छाती भरून श्वास घेतला, ‘पोचल्यावर फोन करते’ म्हटलं आणि टॅक्सीत बसले. वळणापर्यंत मागे पाहिलं नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं आणि ब्रिस्टलला मकरंदमामा एकसारखा बोलावत होता. त्याचं घर एका चढाच्या पायथ्याशी आहे. चढावर रस्त्याच्या दिव्यांचे आठ खांब, आणि माथ्यावर चर्चचा हॉल. तिथे मी दर शनिवारी नऊ मुलांना मराठी शिकवू लागले. सगळी इथे जन्मलेली. बाकी आठवडाभर मी मकरंदची आई आणि स्नेहाची सासू असे. त्या एका तासात मात्र मी पुन्हा बाई होते, नागपूरच्या शाळेत होते तशी.

जानेवारीत माझ्या छातीत इन्फेक्शन झालं. ते उतरलं, पण धाप राहिली. जीपीने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, दमा आहे असं सांगून दोन इनहेलर दिले, निळा गरजेपुरता आणि तपकिरी रोजचा. पहिल्या खांबाशीच मला थांबावं लागे. वर्गात धडा वाचताना वाक्य अर्ध्यात तुटायचं. माया नावाची सात वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तुझा आवाज कुठे गेली?” तिची चूक सुधारण्याइतकाही दम माझ्यात उरला नव्हता. वर्ग बंद केला.

मग मकरंद एका रविवारी चहा घेताना म्हणाला, “आई, पुढच्या विंटरआधी तू नागपूरला परत गेलेली बरी. मी नोव्हेंबरचं तिकीट बघून ठेवलंय.” तो प्रेमानंच बोलला. मुलांनो, तुमच्याकडे यायला मला केव्हाही आवडलं असतं. पण आजारी माणूस म्हणून परत पाठवलं जाणं मला नको होतं.

चढ जिथे सुरू होतो तिथे, बसस्टॉपजवळ, चिनी औषधांचं एक लहान दुकान होतं. त्या वर्षांत इथल्या बाजारपेठांत अशी दुकानं बरीच दिसत. काचेत एक तक्ता टांगलेला होता. माणसाची आकृती, अंगावर रेषा, आणि प्रत्येक अवयवापुढे त्याचा ऋतू, रंग, भावना. धाप लागली हे येणाऱ्याजाणाऱ्यांना कळू नये म्हणून मी तिथे उभी राहून तो तक्ता वाचल्याचं नाटक करायचे. फुप्फुस: शरद ऋतू, पांढरा रंग, दुःख. मला पाठ झालं होतं.

मार्चमध्ये एक दिवस दुकानाची मालकीण स्टूल घेऊन बाहेर आली. माझ्याच वयाची, कापलेले पांढरे केस.

“दोन महिने हा तक्ता वाचताय,” ती तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली. “विकत हवाय का?”

या मिसेस लिन. त्यांच्या गावच्या इस्पितळात त्या चिनी वैद्यकाच्या डॉक्टर होत्या. इथे मुलीमागे येऊन दुकान चालवत होत्या. त्यांनी माझी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली आणि विचारलं, “कोण गेलं?”

मी ताठ झाले. “मी दम्याबद्दल विचारतेय.”

“मीही दम्याबद्दलच विचारतेय,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे दुःख फुप्फुसात राहतं.”

औषध मात्र त्यांनी विकलं नाही. माझे इनहेलर हातात घेऊन पाहिले. “हे चालू ठेवा. दोन डॉक्टरांची औषधं एका पोटात नकोत. मी तुम्हाला फळ सांगते.” नासपतीचा गाभा काढून त्यात खडीसाखर भरायची आणि वाफवून खायची. खोकल्यात फळ खाल्लं तर माझ्या आईने हातावर फटका मारला असता, आणि नासपती वाफवायची हे तर आमच्या कुणाच्याच स्वयंपाकघरात झालं नव्हतं. स्नेहामामी म्हणाली, “आई, मोदकपात्रात ठेवू का?” तशी ठेवली. खडीसाखर ओळखीची होती, म्हणून धीर आला.

त्यानंतर श्वास. मिसेस लिन म्हणाल्या, करून दाखवा. मी पाठ ताठ केली, वडिलांनी शिकवला तसा श्वास भरला आणि धरून ठेवला. त्या हसायला लागल्या.

“टीचर, तुम्ही भरता, भरता, भरता. रिकामं कधी करता?”

मी आयुष्यभर कपाटं भरलेली आणि याद्या पूर्ण ठेवल्या. त्यांनी हात खांद्याजवळ आणून पुढे ढकलले आणि दातांतून हळूच ‘सऽऽऽ’ असा श्वास सोडला, कुकरची वाफ उतरते तसा. आधी सोडायचा. भरायची काळजी नको, तो आपोआप येतो. चढावर चालताना चार पावलं सोडायचा, दोन पावलं घ्यायचा. पुढे जीपीच्या दवाखान्यातल्या नर्सनेही सांगितलं की दम्यात श्वास घेण्यापेक्षा तो बाहेर टाकताना अडचण जास्त होते. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

मी एक वही सुरू केली. सकाळ-संध्याकाळ नर्सने दिलेल्या, श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकून आकडा लिहायचा, आणि पुढे किती खांब चढले ते. एप्रिलमध्ये दोन. मेमध्ये तीन. जूनभर तीनच. मिसेस लिनना मी वही दाखवली की त्या म्हणत, “वही फार छान श्वास घेते.”

ऑगस्टअखेर एका दुपारी त्यांनी औषधांचा एक खण उघडला आणि ज्येष्ठमधाचा वास आला. तुमच्या आईने निघताना माझ्या पर्समध्ये ज्येष्ठमधाची पुरचुंडी घातली होती, ती मी दहा महिने उघडलीच नव्हती. मी त्या स्टुलावर बसून रडले. फाटक, टॅक्सी, आजोबांचा रिकामा पलंग, सगळं एकदम आलं. मिसेस लिननी समजूत घातली नाही. त्या कागदावर मुळ्या निवडत राहिल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, “मी विमानतळावर माझ्या आईकडे वळून पाहिलं नव्हतं,” आणि चहाला पाणी ठेवलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, मुलांच्या घरी आधीच कळवून, मी मकरंदला म्हटलं, “पुस्तकांची पिशवी घे, वर्ग आहे.” त्याने पिशवी उचलली. मिसेस लिन दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी चालू लागले. चार सोडायचे, दोन घ्यायचे. तिसरा खांब गेला. चौथा गेला. पाचव्याशी मागून आवाज आला, “आई, थांब ना जरा.”

“वर भेट,” मी म्हटलं.

आठव्या खांबाला हात लावला तेव्हा तो सहाव्याला टेकून उभा होता. त्या दिवशी मी तासभर अखंड बोलले. ‘आवाज गेला, आवाज आला,’ मायाकडून पाच वेळा म्हणून घेतलं. संध्याकाळी मकरंदने माझं तिकीट जायचं आणि यायचं, असं दोन्ही बाजूंचं करून टाकलं.

हे नासपतीने झालं, तपकिरी इनहेलरने, सोडलेल्या श्वासाने की रडण्याने, ते मला सांगता येणार नाही. वही बघूनही सांगता येत नाही. आता या गोष्टीला पाच वर्षं झाली. दुकान बंद झालंय, मिसेस लिन शेजारच्या गल्लीत राहतात आणि माझ्याकडे मोदक खायला येतात. वर्गात एकवीस मुलं आहेत. दर डिसेंबरात मी तुमच्याकडे येते आणि निघताना फाटकाशी मनसोक्त रडते. तुम्हाला त्याची लाज वाटते हे मला ठाऊक आहे. मला वाटत नाही.

चढाच्या माथ्यावर एक बाक आहे. वर्ग सुटला की मी तिथे बसते, दम लागला म्हणून नव्हे, रंगीत घरांच्या रांगा बघायला. परवा तिथूनच तुम्हाला फोन लावला होता. सोहम, तू विचारलंस, “आजी, घरी कधी येणार?” मी म्हटलं, “डिसेंबरात येते, राजा.” फोन पर्समध्ये ठेवला, पिशवी उचलली आणि चढ उतरून घरी गेले.