चारशे सतरा नंबरचा अभ्रा

इस्त्रीकाकांच्या दुकानातून तीस वर्षांत एकही कपडा हरवला नव्हता आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. एक रेशमी ब्लाउज अकरा वर्षं मालकिणीची वाट पाहत पडून होता. एक काळा कोट होता. ज्या लग्नासाठी तो आला ते लग्नच मोडलं आणि नवरामुलगा पुन्हा कोटाकडे फिरकला नाही. काका दर सहा महिन्यांनी दोन्हींवर इस्त्री फिरवत आणि परत फळीवर ठेवत.

"द्या ना टाकून," असं काकू म्हणाल्या की ते म्हणत, "आपलं आहे का ते? आपण फक्त सांभाळायचं."

आलेल्या प्रत्येक कपड्याला ते कापडाची चिठ्ठी टाचत. चिठ्ठीवर नंबर आणि खाली सूचना : 'नीळ नको', 'उलट्या बाजूने', 'स्टार्च बेताचा'.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीतला भाडेकरू, चष्मेवाला एक तरुण, दोन शर्ट, एक चादर आणि तोंडाला गाठ मारलेला उशीचा अभ्रा घेऊन आला. "अभ्रा धुऊ नका. उघडू पण नका. फक्त गरम जागी ठेवा, मी परवा येतोच," म्हणाला. काकांना तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांची सवय होती. एका वकिलांना मोजेसुद्धा इस्त्री केलेले लागत. त्यांनी चिठ्ठी लिहिली : 'नं. ४१७. अभ्रा, एक. धुऊ नये.' टेबलामागच्या कपाटात ताजे इस्त्रीचे कपडे असायचे, त्यामुळे ते कायम उबदार असे. अभ्रा तिथेच सगळ्यात खालच्या फळीवर गेला.

परवा उजाडला, तरुण उगवला नाही. चौथ्या दिवशी अभ्रा फळीच्या एका टोकाचा दुसऱ्या टोकाला गेलेला दिसला. काकूंनी झाडताना सरकवला असेल, असं काकांना वाटलं. पाचव्या दिवशी तो त्यांच्या डोळ्यांदेखत सरकला.

"अगं, इकडे ये जरा."

"काय झालं?"

"अभ्रा चालतोय."

"डोळे तपासून घ्या म्हणून वर्षभर सांगतेय मी." काकूंनी स्वतःच गाठ सोडली, आत डोकावल्या, गाठ पुन्हा दुप्पट घट्ट मारली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी बहिणीकडे जाते."

खरंच गेल्या. चार दिवसांनी बहिणीशी वाजलं म्हणून परतही आल्या. "त्यापेक्षा हा बरा," त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या. "निदान उलटून बोलत तरी नाही."

तोवर समोरच्या खोलीला कुलूप लागलं होतं. तरुण चंबूगबाळं आवरून गेला होता, कुठे ते घरमालकालाही ठाऊक नव्हतं. काकांनी शाळेच्या मुख्याध्यापिकांकडून प्राण्यांचं एक चित्रांचं पुस्तक मागून आणलं. "नातवाला दाखवायचंय," असं तोंडाला येईल ते सांगून मोकळे झाले. काकांना नातू नव्हता. बाई पुढे तीन वर्षं न चुकता नातवाची खुशाली विचारत राहिल्या आणि काकांना त्याला गोवर, दात आणि शेवटी शाळेत प्रवेशसुद्धा द्यावा लागला.

पुस्तकावरून एवढं कळलं की हा परदेशी जातीचा लहान अजगर आहे, विषारी नाही आणि घाबरला की स्वतःचं वेटोळं करून डोकं मध्ये लपवतो. खायला उंदीर. शेजारच्या किराणावाल्याकडे उंदरांना तोटा नव्हता. काका दर पंधरा दिवसांनी त्याचा भरलेला पिंजरा आपणहून रिकामा करून आणत, तेव्हा तो म्हणे, "काका, तुमच्यासारखा शेजारी नशिबाने मिळतो हो."

त्याला नाव ठेवायचं काकांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या जनावराला आपण कसं नाव ठेवायचं? तो चारशे सतराच राहिला. पण सकाळी दुकान उघडलं की काका आधी खालच्या फळीला हात लावून बघत, गार तर नाही ना पडली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याला मनगटावर घेऊन बसत. "माझं डोकं दुखतं तेव्हा कधी असा हात लावून बघितलात?" काकू विचारत. काका म्हणत, "तुझी चिठ्ठी कुठे आहे माझ्याकडे?" आणि मग दिवसभर त्यांना चहा मिळत नसे.

काकांना जगातल्या बातम्या उशिरा कळत. ज्या जुन्या वर्तमानपत्रात ते कपडे गुंडाळत, तेवढंच त्यांचं वाचन. एका सोमवारी वन्यजीव खात्यातल्या साहेबांचा युनिफॉर्म गुंडाळताना त्यांना एक जाहीर सूचना दिसली. परदेशी प्राणी बाळगणाऱ्या सर्वांनी खात्याकडे नोंद करावी, अन्यथा खटला. पेपर तीन महिन्यांपूर्वीचा होता आणि मुदत दोन दिवसांत संपत होती. काकांनी ती सूचना दोनदा वाचली. तेवढ्यात खुद्द साहेबच युनिफॉर्म न्यायला दारात.

"साहेब, समजा हं, एखाद्याकडे परदेशी जनावर आहे."

"कुणाकडे?"

"समजा म्हटलं."

"मग समजा त्याने बुधवारपर्यंत नोंद केली नाही, तर खटला मात्र मी समजा म्हणून भरत नसतो."

"आणि केली तर?"

"जागा बघू. नीट असली तर परवाना देऊ, जनावर त्याच्याचकडे राहील. नसली तर आमच्या केंद्रात नेऊ. काका, लोक हौसेने घेतात हो. दहा आणायचे तर वाटेतच निम्मे मरतात. उरलेल्यांतले अर्धे हौस फिटली की लोक नाल्यात सोडून देतात, मग इथल्या प्राण्यांची वाट लागते. म्हणून हा कायदा. अर्जावर मालक म्हणून सही करायची, बस."

"मालकच सापडत नसला तर? नुसता सांभाळणारा असला तर?"

साहेबांनी पुडकं टेबलावर परत ठेवलं. "काका, कुठे आहे ते?"

काकांना नातवाच्या बाबतीत जमलं होतं तेवढंच खोटं. त्यापुढे त्यांची मजल नव्हती. "तुमच्या युनिफॉर्मच्या खालच्या फळीवर."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"आणि माझा युनिफॉर्म तुमच्याकडे येतोय चार वर्षं." साहेबांनी शर्टाची कॉलर जरा सैल केली. "कपड्यांत कधी शिरला नाही ना?"

"छे छे! एकदाच."

"एकदाच?"

"बाहीत. पण मी लगेच पुन्हा इस्त्री मारली होती."

साहेबांनी तिथेच बसून अर्ज भरायला घेतला. मालकाच्या रकान्याशी काका अडून बसले. माझं नाही ते माझं कसं म्हणू? काकू म्हणाल्या, "तीन वर्षं उंदीर कोणी आणले? सही करा, नाहीतर तुरुंगात तुमचेच कपडे चुरगळलेले राहतील." शेवटी असं ठरलं की दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरबाई येऊन जागा बघतील, सही त्यानंतर.

त्या दिवशी काकांनी गिऱ्हाइकी बाजूला ठेवली. कपाट घासून धुतलं. फळीवर कोरा कागद घातला. अभ्र्यालासुद्धा इस्त्री केली, यापुढे चारशे सतरा तिथेच राहणार या आशेने.

साहेबांबरोबर डॉक्टरबाई आल्या, कपाट बघून म्हणाल्या, "इतकी स्वच्छता मी दवाखान्यातही बघितली नाही." काका फुलले. मग बाईंनी चारशे सतराला हातात घेऊन उलटसुलट तपासलं. "हा नाही, ही आहे."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "म्हणजे तीन वर्षं मी सवत पोसली?"

"झोपते कशी?" बाईंनी विचारलं.

"एकदम व्यवस्थित," काका अभिमानाने म्हणाले. "नऊ घड्या. मी मोजल्यात. एकही वाकडी पडत नाही."

"आणि सरळ कधी होते? डोक्यापासून शेपटीपर्यंत?"

काकांनी आठवून पाहिलं. मनगटावर, फळीवर, अभ्र्यात. "फळी दोन फुटांची आहे," ते हळूच म्हणाले.

बाईंनी इस्त्री बंद करायला लावली आणि तिला टेबलावर ठेवलं. टेबल सहा फुटी, वर घोंगडं, सकाळच्या कामाने अजून कोमट. थोडा वेळ ती घड्या घालूनच पडून राहिली. मग डोकं पुढे आलं. एक घडी सुटली. दुसरी सुटली. काका मनातल्या मनात मोजत होते. नववी सुटली तेव्हा ती टेबलाच्या मध्यावर सरळ रेषेत पडली होती, काकांना वाटलं होतं त्याच्या दुप्पट लांब. कात नीट न निघाल्याने तिच्या अंगावर जागोजाग जुन्या कातडीचे सुकलेले पट्टे चिकटून राहिले होते. नेमके जिथे तिच्या घड्या पडत तिथे.

काकांनी एका पट्ट्यावरून बोट फिरवलं. "त्या कोटाची घडी मी दर सहा महिन्यांनी बदलतो," ते म्हणाले. "नाहीतर कापड घडीवर विरतं. हे मला ठाऊक होतं."

काकूंनी घोंगड्याची सुरकुती सरळ केली.

साहेब म्हणाले, "काका, या टेबलाएवढी पेटी केली, दिवा लावला, तर परवाना मिळेल. मी लिहून देतो."

दुकान म्हणजे ते टेबलच होतं. "करा की," काकू म्हणाल्या. "तिला टेबल द्या आणि तुम्ही कपाटात झोपा." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. नवरा हे खरंच करेल, अशी त्यांना धास्ती वाटली असावी.

"केंद्रात किती जागा आहे?" काकांनी विचारलं.

"एका खोलीएवढी. झाडाची खोडं आहेत, पाणी आहे. दाराबाहेरून बघता येतं, रविवारी."

काकांनी अर्ज ओढला आणि मालकाच्या रकान्यात सही केली. मग दुसऱ्या पानावर, 'मी हा प्राणी स्वखुशीने केंद्राच्या ताब्यात देत आहे' याच्याखाली केली. दोन सह्यांमध्ये जेमतेम पान उलटायला लागतो तेवढा वेळ गेला. तीन वर्षांत तेवढीच त्यांची मालकी.

"आता पावती," ते म्हणाले.

"पावती ऑफिसातून येईल, सोमवारी," साहेब म्हणाले.

"तोवर असंच नेणार?" काकांनी अभ्र्यावरची जुनी चिठ्ठी काढली, नवी घेतली, चष्मा पुसला आणि नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं : 'नं. ४१७. घडी घालू नये.' ती त्यांनी डॉक्टरबाईंच्या हातात दिली, कारण साहेबांवर त्यांचा भरवसा नव्हता. बाईंनी ती हसत वाचली आणि न हसता खिशात ठेवली.

गाडी निघता निघता काका मागे धावले.

"साहेब, अभ्रा तेवढा परत पाठवा हं. तो गिऱ्हाइकाचा आहे."

सोमवारी साहेबांच्या युनिफॉर्मबरोबर अभ्रा आला. काकांनी तो धुतला नाही. चिठ्ठीवर तसंच होतं ना! नुसती इस्त्री केली आणि काळ्या कोटाशेजारी ठेवला, या वेळी घडी दुसरीकडे घालून. तेवढ्यात मुख्याध्यापिका साडी न्यायला आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "काय काका, नातू कसा आहे?"

"मोठ्या शाळेत घातला," काका म्हणाले. "रविवारी भेटायला जाणार आहोत."

आतून काकूंचा आवाज आला, "नातू नाही, नात म्हणा."