अक्षता संपवणारी स्वीडनची चाल

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, की तिकडं स्वीडनमधला लोकसंगीताचा व्हायोलिनचा क्लास सोडणार, कारण असल्या जुन्या चाली आता कोण ऐकतं. सोडण्याआधी हे वाचा, म्हणून आजच लिहायला बसले.

तुम्ही वाजवून पाठवलेली नवरीची चाल मला फार आवडते. स्वीडनच्या खेड्यांत वादक ती वाजवत नवरीच्या पुढे चर्चपर्यंत चालतात, हे तुम्हीच सांगितलंत. चाल संथ, भारदस्त, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक लांब सूर. वरवंडला आमच्या शेजारणीच्या मुलीचं लग्न होतं. नवरी मांडवात येताना मी ती स्पीकरवर लावायला सांगितली.

पहिला लांब सूर आला आणि लोकांनी 'सावधान' समजून सवयीनं अक्षता टाकल्या. दुसऱ्या सुरालाही टाकल्या. नवरी अजून वाटेतच होती. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा निम्म्या मांडवाच्या मुठी रिकाम्या.

नवरीचे मामा मला म्हणाले, "मावशी, तुमच्या नातवंडांनी तिकडं बसून लगीन लावलं की. आता भटजीनं काय करायचं?"

"आणखी अक्षता वाटा," मी म्हटलं.

"वाटतो. पन ती चाल आमच्या सनईवाल्याला द्या. स्पीकरला कुठं थांबायचं कळत न्हाई."

सनईवाल्यानं फोनवर ऐकून ती बसवली. तुमच्याकडेही या चाली अशा कानानंच शिकतात. दौंडच्या आसपासच्या लग्नांत नवरी मांडवात येताना तो अजून ती वाजवतो.