पडद्यावरचं शून्य

कारखान्यात तिला सगळे हजेरीबाई म्हणायचे. गोठवलेला मटार आणि मका साठवणाऱ्या त्या कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी तिची काचेची खोली होती. आत कोण आहे, बाहेर कोण आहे, हे तिला तोंडपाठ. नुसत्या चालीवरून माणूस ओळखायची. कुणी दांडी मारून दुसऱ्याकडून सही ठोकून घेतली, तर दुसऱ्या दिवशी त्याला अडवून विचारायची, "काल तुझं भूत आलं होतं वाटतं कामाला?"

माल चढवणाऱ्यांत तिचा दीर होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जायचा. सासू आधीच गेलेली, त्यामुळे त्याच्या डोक्याला तेल हिनेच लावलं आणि पाठीत धपाटेही हिनेच घातले. घरात तो बारक्या. पुढे असा ताडमाड वाढला की दारातून वाकून यावं लागे, तरी बारक्याच राहिला. नवरा गेल्यावर हजेरीबाई, बारक्या आणि त्याची बायको एवढंच घर उरलं. जावा-जावांचं बरं जमायचं. एकीचा डोळा लागला की दुसरी भांडी वाजू द्यायची नाही.

मग नवी कार्डं आली. कार्डातच ज्याच्या त्याच्या अंगठ्याचा ठसा. पुढच्या फाटकावर कार्ड धरायचं, अंगठा टेकवायचा. दोन्ही जुळले की फाटक उघडायचं आणि हजेरीबाईच्या हातातल्या टॅबवर आतल्या माणसांचा आकडा बदलायचा. मागे, गाड्या लागायच्या तिथल्या दारावर मात्र जुनंच मशीन होतं. ते बदलायची साहेबांची तयारी नव्हती. कार्डवाल्या कंपनीच्या माणसाने नवं कार्ड त्या मशीनवर धरून दाखवलं. दार उघडलं.

"बघा, चालतंय की," तो म्हणाला, आणि सगळे चहाला गेले.

जुनं मशीन दार उघडतं, पण टॅबला काही कळवत नाही, हे तपासावं असं कुणालाच सुचलं नाही. हजेरीबाईलाही नाही.

थंडाव्यासाठीच्या अमोनिया वायूची नळी फुटली ती भर दुपारी. भोंगा वाजला, माणसं नाकाला रुमाल लावून खोकत मैदानात धावली. अग्निशमन दलाचा प्रमुख थेट तिच्यापाशी आला.

"आत किती?"

तिने टॅब बघितला. शून्य. तरी नजर सवयीने गर्दीवरून फिरली. एक डोकं सगळ्यांच्या वर दिसायला हवं होतं, ते दिसेना.

"बारक्या कुठाय?"

"तो चहाला गेला ना बाहेर," एक हमाल म्हणाला. "मी पाहिला जाताना."

टॅबवरही तो बाहेरच होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"आत कुणी नाही," तिने प्रमुखाला सांगितलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग माझी माणसं कशाला घालू आत? वायू विरू दे."

ते सगळे वाट बघत उभे राहिले. मग तिचा फोन वाजला. जाऊ होती.

"ताई, ह्यांचा फोन उचलला जात नाहीये. मघाशी म्हणाले, गाडी लागलीय, मागच्या दाराने आत चाललोय."

हजेरीबाईच्या हातातून टॅब गळून पडला. ती किंचाळत इमारतीकडे धावली. दोघांनी तिला धरलं, आणि तोंडाला मास्क लावलेले जवान आत गेले. मालाच्या खोक्यांमागे बारक्या पालथा पडलेला सापडला.

तो वाचला. लोक म्हणाले, नशीब. डोळ्यांपुढे कायमचं धुकं आलं आणि छातीचा भाता झाला. जिना चढताना मध्येच बसतो, हातानेच सांगतो, थांबा.

चौकशी झाली. कार्ड दोन्ही दारांना चालत होतं, तेव्हा दोष कुणाचाच नाही, असं ठरलं. साहेब हजेरीबाईला म्हणाले, "तुम्ही पडद्यावर होतं तेच सांगितलंत. मनाला लावून घेऊ नका."

घरी बारक्या एकदा धापा टाकत म्हणाला, "वहिनी... मीच आळस केला. पुढून यायला हवं होतं."

"बोलू नकोस. दम लागतो तुला."

जाऊ चुलीशी पाठमोरी होती. वळली नाही. "नजरेने मोजत होतात, तेव्हा चुकला नव्हतात, ताई," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण हजेरीबाईचं ताट ती आधीच वाढून झाकून ठेवू लागली. दोघी एकत्र जेवायच्या बंद झाल्या.

कंपनीने नवऱ्याच्या जागी जावेला पॅकिंगमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी ती काचेच्या खोलीत आली. नव्या माणसाचा ठसा घ्यायचं काम हजेरीबाईचंच. भांडी घासून खरबरीत झालेला जावेचा अंगठा मशीन काही घेईना. शेवटी हजेरीबाईने तो पदराने पुसला, आपल्या हातात धरला आणि काचेवर दाबला. कितीतरी दिवसांनी त्यांचा एकमेकींना हात लागला होता.

मशीन वाजलं. कार्ड तयार झालं.

"हे मागच्या दाराला चालतं?" जावेने विचारलं.

"चालतं. आता तेही टॅबला जोडलंय म्हणतात."

"म्हणतात?"

मागे माणसांची रांग लागली होती. जावेने कार्ड गळ्यात अडकवलं, डोक्याला टोपी बांधली आणि ती आत गेली.