तेरावं वाक्य

भीमसेन अण्णा आमच्या कांद्याच्या गोदामाचा पहारेकरी. घरापासून दूर, कन्नड शहरातल्या यशवंतपूरच्या बाजार-यार्डात मी वजनकाट्यावर कारकून, मूळचा निपाणीचा. तो खानापूरकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला. मराठी बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोण होतं? पण बोलायचो मीच. पेपर वाचून परराष्ट्र धोरणात पंडित झालेला माणूस मी! श्रीलंकेत आपलं शांतिसैन्य कशाला गेलं, करार कुठे फसला, हे चहा पिता पिता त्याला समजावून सांगायचो. तो ऐकून घ्यायचा, "सरी", म्हणजे बरं, एवढंच कन्नडात म्हणायचा आणि फाटकाकडे जायचा. तो स्वतः त्या सैन्यात होता, हे मला माहीतच नव्हतं.

कांदे निवडायला येणारी पोन्नम्मा तमिळ. तिची सहा वर्षांची कनगा दिवसभर अण्णाच्या स्टुलाशेजारी बसून त्याच्या शिट्टीशी खेळायची, त्याला मामा म्हणायची. अण्णाला बायको-पोर नव्हतं; या पोरीवर त्याचा जीव. तिच्याशी तो कन्नडात बोले. तमिळ येतं का, असं कुणी विचारलं तर मान हलवून नाही म्हणे.

एके दिवशी माझी जीभ जरा जास्तच सैल सुटली. "आपण त्यांचं भलं करायला गेलो आणि ते आपल्यावरच उलटले," मी म्हणालो. अण्णाने हातातला डबा खाली ठेवला.

"तू पेपरात वाचलास. मी गळ्यात हार घालून घेतलोय," तो म्हणाला. "सत्त्याऐंशीच्या श्रावणात जाफन्यात गेलो, तर बायका ओवाळायला. एक म्हातारी रोज केळी आणून द्यायची. तंबी म्हणायची मला, म्हणजे धाकटा भाऊ. दसरा झाला आणि लढाई लागली. आम्हाला तमिळची बारा वाक्यं पाठ करून दिलेली. बाहेर ये. हात वर. घरात किती जण. बंदूक कुठं. असलीच सगळी. तिच्याच दारात जाऊन मी ओरडलो. हात वर करून बाहेर आली. माझ्याकडं बघून म्हणाली, 'तंबी, नीया?' तूच काय रे? मी ओळख दाखवली नाही. ती मला भीत होती आणि मी तिला. दोन तास उन्हात उभी केली तिला, तसेच हात वर."

"मग?"

"मग काय? हुकूम आला, पुढं गेलो. अजून हात वरच आहेत तिचे."

त्या दिवसापासून मी पेपर मनातल्या मनात वाचू लागलो. शांततेच्या करारावर मोठमोठे लोक सह्या करतात, पण एकमेकांच्या दारात उभ्या राहिलेल्या दोन माणसांच्या भीतीचं कलम त्यात कुणी घालत नाही. माझ्या बडबडीची मला लाज वाटली.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून कन्नड आणि तमिळ लोकांत दंगल उसळली, शहर पेटलं. भर दुपारी यार्डात जमाव शिरला. तमिळ कोण आहेत, विचारत फिरू लागला. अण्णाने मायलेकींना गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे लपवलं, पलटणीचा जुना कोट चढवला आणि काठी घेऊन फाटकात उभा राहिला. "इथं सगळे बेळगावकडचे," असं कन्नडात ठणकावून सांगितलं. एक दगड त्याच्या कपाळावर बसला, तरी तो हलला नाही. शेवटी जमाव पुढे सरकला.

आम्ही आत गेलो. मी हाका मारल्या, पण पोन्नम्मा ओ देईना. कन्नडात तर जमावही ओरडत होता; आलेली माणसं आपली की परकी, तिला कसं कळावं? तिच्या भाषेत बोललं तर तिला धीर येईल, एवढाच अण्णाचा भाबडा विचार. पण त्याच्यापाशी होती बाराच वाक्यं. तोंडातून निघालं तेही पलटणीच्या आवाजात.

"वेळिये वा! कै तूक्कु!" बाहेर ये, हात वर.

थप्पीमागून चार हात वर आले. दोन मोठे, दोन चिमुकले.

अण्णाने काठी खाली टाकली. कपाळातून रक्त गळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचेना. "मला दुसरं येतच नाही रे," तो मला मराठीत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मायलेकींना मी माझ्या घरी नेलं. गाड्या सुरू झाल्यावर त्या आपल्या गावी निघून गेल्या.

संक्रांत झाली आणि त्या परतल्या. अण्णा सकाळपासून नवी शिट्टी खिशात घेऊन फाटकात उभा होता. त्याला बघताच कनगाच्या हातातला डबा पडला आणि तिने दोन्ही हात वर केले. कुणी काही बोललं नव्हतं.

अण्णाने भिंतीकडे तोंड फिरवलं. आता हा नोकरी सोडून गावी जाणार, असंच मला वाटलं. पण तो वळला आणि पोन्नम्माला कन्नडात म्हणाला, "अक्का, भिऊ नकोस, हे तुमच्यात कसं म्हणतात?"

पोन्नम्मा हळूच म्हणाली, "बयप्पडादे."

कांद्याच्या सालपटांत गुडघे टेकून अण्णाने ते तेरावं वाक्य तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा चुकत, आवाज अगदी खाली घेऊन. कनगा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने एक हात खाली घेतला.

दुसरा वरच होता.